एका भिंतीच्या दोन ओली

आमच्या बैठकीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला बरीच वर्षं दोन ओली होत्या. वरची साधारण आठ फुटांवर, बाहेर पोर्चचा स्लॅब जिथे भिंतीला टेकतो त्या पातळीला, आणि तिथून दीडेक फूट खाली उतरलेली. दुसरी जमिनीलगत, स्कर्टिंगपासून गुडघ्याच्या थोडी वर. मधली भिंत ठणठणीत कोरडी. घरात येणारा प्रत्येक पेंटर दोन्हींकडे एकाच नजरेनं बघायचा आणि एकच औषध सांगायचा: खरवडून डॅम्पप्रूफ पुट्टी, वर रंगाचे दोन हात.

घर कोथरूडमधलं, १९७६ सालचं. सासऱ्यांनी सोसायटीच्या प्लॉटवर बांधलेलं, नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं. पोर्च तेव्हा नव्हता. १९९४ मध्ये घरात मारुती आली आणि तिच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून पोर्च आला. खाली दोन खांब, वर अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद स्लॅब. सासरे आता नाहीत, मारुतीही नाही. पोर्च मात्र आहे. (गल्लीतले निम्मे बंगले रीडेव्हलपमेंटला गेले आहेत. ओलीचा विषय काढला की लोक आधी तेच सुचवतात. भिंत ओली आहे म्हणून घर पाडा, हा सल्ला पुण्यात गंभीर चेहऱ्यानं देतात.)

खरा धागा सासूबाईंनी दिला. त्या दिवसभर त्याच खोलीत बसतात, त्यामुळे भिंतीवर त्यांचं बारीक लक्ष. पेंटर दोन्ही ओलींचं मिळून एकच माप घेत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, वरची गौरी-गणपतीत दिसते आणि दिवाळीपर्यंत सुकते. खालची शिमग्यालासुद्धा असते. दोघींचं कारण एक कसं असेल?"

पेंटर हसला. मी नाही हसले. खालच्या पट्ट्यात पोपड्यांच्या आत पांढरी भुकटी होती, बोटानं उडणारी. तो लोणा. वरच्या पट्ट्यात लोणा जवळजवळ नव्हता. तिथे तपकिरी कडांचे डाग आणि काळी बुरशी. वरून येणारं पावसाचं पाणी त्यामानानं स्वच्छ असतं, जमिनीतून चढणारं पाणी क्षार घेऊन येतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावर स्वतः उडून जाताना क्षार मागे ठेवतं. म्हणजे सासूबाईंचं कॅलेंडर आणि भिंतीची भुकटी एकच गोष्ट सांगत होती.

शेजारचे काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी घरातली अॅल्युमिनियम फॉइल मागितली. वर एक आणि खाली एक असे वीतभर तुकडे चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावले. खोलीतल्या दमट हवेचं पाणी गार भिंतीवर धरत असेल तर थेंब फॉइलच्या आपल्याकडच्या अंगाला येतात. भिंतीतून येत असेल तर आतल्या अंगाला. तेव्हा एप्रिल संपत होता. वरचा तुकडा दोन्हीकडून कोरडा निघाला, खालच्याच्या मागे घाम. "खालचीचं निदान झालं," काका म्हणाले, "वरचीसाठी पाऊस पाडावा लागेल."

मधल्या काळात एका वॉटरप्रूफिंगवाल्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं पोर्चवर न चढता, खालून टॉर्च मारून, अख्ख्या गच्चीला केमिकल लावायचं कोटेशन चौरस फुटाच्या दरानं दिलं. गच्ची गळतच नव्हती. कोटेशन मी जपून ठेवलंय. पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं.

पाऊस पाडायचा म्हणजे बागेच्या नळीनं. हे काम दिसतं पोरखेळ, पण त्यात शिस्त लागते आणि ती शिस्त एका वाक्यात सांगता येते: खालून सुरू करून वर जायचं. पाणी वरून खाली येतं. सुरुवातीलाच भिंतीवर उंच फवारा मारला तर ते भिंतीवरून, सांध्यावरून, स्लॅबवरून सगळीकडून जातं आणि आत ओल आली तरी ती कुठून आली ते कळत नाही. म्हणून पहिल्यांदा फक्त पोर्चच्या स्लॅबवर, भिंतीपासून लांब. पाऊण तास थांबायचं, आत एक माणूस भिंतीवर डोळा ठेवून. मग स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावर, नळी आडवी ठेवून, दाब न देता. मग सांध्याच्या वरच्या भिंतीवर. मग पॅरापेटच्या, म्हणजे पोर्चच्या कडेच्या ठेंगण्या भिंतीच्या, माथ्यावर.

मे महिन्यात कोथरूडमध्ये नळी सोडून उभं राहणं धाडसाचं काम आहे. गल्लीतले लोक थांबून विचारतात. आम्ही सोसायटीच्या बोअरचं पाणी वापरत होतो, तसं प्रत्येकाला सांगावं लागलं. शिवाय गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद, आणि मग बोअरवर सगळ्यांचाच डोळा. त्यामुळे चाचण्या गुरुवार टाळूनच.

स्लॅबवर पाणी सोडलं तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजी हळूहळू भिंतीकडे आलं आणि सांध्याला लागून, डाव्या कोपऱ्यात, बोटभर खोल साचलं. ढाळच उलटा! बाहेर जायचं भोक उजव्या टोकाला होतं आणि वर्षानुवर्षांचे थर चढून त्याचं तोंड आजूबाजूच्या पातळीहून वर आलं होतं. गुलमोहराची पानं काढली तरी तिथून पाणी वाहिलं नाही. म्हणजे पावसाळ्यात प्रत्येक सरीनंतर भिंतीच्या पायाशी वर एक छोटं तळं होत होतं आणि ते तळं आटेपर्यंत भिंत ते पीत होती.

तरीही सांध्यावर नळी ठेवून तासभर झाला आणि आत काही दिसेना. काकांनी बादलीत कपड्यांची नीळ कालवायला सांगितली आणि ते पाणी साचलेल्या कोपऱ्यात ओतलं. सांध्याच्या जरा वर, इंटरनेटची केबल आत नेण्यासाठी कुणी तरी पाडलेलं भोक होतं. पाणी त्या उंचीला पोचलं तसं आत केबलच्या पट्टीखालून निळा ओघळ आला, पाच मिनिटांत. भोक बाहेरून आत उतरतं पाडलेलं होतं. केबलवाले ड्रिल धरतात ते स्वतःच्या सोयीनं, खालून वर नाही तर वरून खाली. आतून बाहेर उतरतं भोक पाडायला तेवढीच मेहनत लागते. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक केबलला भोकाआधी एक वळसा खाली सोडायचा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी टपकून जातं, असा आमच्याकडे नियम आहे. पण नुसत्या भोकानं भागलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वरच्या पट्ट्याची सगळी लांबी गडद झाली, आणि ती भोकातून नव्हे तर सांध्यातून आलेली होती. भोकाचं पाणी धावत आलं, सांध्याचं चालत.

यातून मला पुण्याच्या पावसाबद्दलही काही उमगलं. इथे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मग भिंती एवढ्या का भिजाव्यात? कारण जुलै-ऑगस्टमध्ये तो धो धो पडून जात नाही, दिवसच्या दिवस भुरभुरत राहतो, आणि वारा पश्चिमेचा. मोठ्या सरीचं पाणी वाहून जातं. भुरभुरीचं पाणी भेगेत शिरायला वेळ मिळतो आणि भिंतीला सुकायला मिळत नाही. आमचा पोर्च नेमका पश्चिमेला.

मिस्त्री लातूरकडचे, आमच्या गल्लीत बऱ्याच घरांची कामं केलेले. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना मामा. मामांनी छन्नी लावण्याआधी हातोडीच्या दांड्यानं सगळा पोर्च वाजवून घेतला. सांध्यालगतचा फूटभर पट्टा पोकळ वाजला. फोडल्यावर थर निघाले: वर चायना मोझॅकचे तुकडे, त्याखाली कसलंसं पांढरं केमिकल, त्याखाली सिमेंटचा वाटा (सांध्याच्या कोपऱ्यात भरतात तो गोलसर मसाला), त्याखाली डांबर. प्रत्येक थर कुणी तरी "आता गळणार नाही" म्हणून घातलेला. सगळ्या थरांतून एकच भेग वरपासून खालपर्यंत, सांध्याच्या रेषेत सरळ गेलेली.

"ताई, येवढं घालून बी तडा त्याच जागी. म्हंजी तडा खालनं येतोय," मामा म्हणाले.

बरोबर होतं. सगळं काढल्यावर दिसलं की पोर्चचा स्लॅब भिंतीबरोबर ओतलेला नाही, ओतणं शक्यही नव्हतं. दोन्हींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर. विटांच्या भिंतीत तीनेक इंचांची खोबण मारून स्लॅबची कड तीत बसवली होती आणि फट मसाल्यानं भरली होती. स्लॅब पुढे दोन खांबांवर, त्या खांबांचा पाया घराच्या पायापेक्षा उथळ. म्हणजे एका बाजूला पन्नास वर्षं बसून स्थिर झालेलं घर, दुसऱ्या बाजूला स्वतंत्र पायावरचा, उन्हात उघडा पडलेला काँक्रीटचा तुकडा.

काकांनी कागदावर हिशेब करून दाखवला. काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढतं. विटांचं बांधकाम त्याच्या निम्म्याच्या आसपास. मे महिन्यातल्या दुपारी पोर्चवर पाय ठेवता येत नाही आणि पहाटे तोच स्लॅब गार असतो. फरक ३५ अंशांचा धरला तर तीन मीटर रुंदीचा स्लॅब रोज एक मिलिमीटरभर पसरतो आणि आक्रसतो. भिंत सावलीत, तिचं फारसं काही होत नाही. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण सिमेंटच्या वाट्याला तेवढंही ताणता येत नाही. तो पहिल्याच उन्हाळ्यात चिरतो. केसाएवढ्या चिरेतून पाणी वाहत नाही, ओढलं जातं, आणि विटा कंदिलाच्या वातीसारखं ते वर, खाली, आडवं कुठेही नेतात. म्हणून आतला डाग भेगेच्या बरोबर समोर नव्हता, दीड फूट पसरलेला होता.

इथून पुढे मामा आणि काका यांच्यात जुंपली. मी मधे.

मामांचं म्हणणं: चांगला विटांच्या तुकड्यांचा कोबा करू, चार इंच, भिंतीला घट्ट वाटा मारू, पाणी पाजून पाजून दगड करू. पुण्यातल्या गच्च्या पिढ्यान् पिढ्या अशाच टिकल्यात. काकांचं म्हणणं: गच्चीला कोबा ठीक, ती खालून चारी बाजूंनी भिंतींवर आहे. पोर्चवर चार इंची कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास, सगळ्या पोर्चचे मिळून तीन टनांहून जास्त. दोन बारीक खांबांवर आणि एका खोबणीवर तो भार नको. आणि वाटा घट्ट नकोच.

"भिंतीला न चिकटणारा वाटा? त्यो कसला वाटा?" मामा.

"स्लॅबला चिकटेल. भिंतीला नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. चहा झाला. वाद मिटायला हिशेबापेक्षा मामांचंच वाक्य कामी आलं: तडा खालनं येतोय. येणारा तडा जर अडवता येत नसेल, तर त्याला जिथे व्हायचं तिथे होऊ द्यावा आणि वरून असं काही घालावं की जे ताणलं जातं, तुटत नाही. हे मामांना पटलं, कारण गाडीच्या रस्त्यावरच्या पुलाला सांधे का सोडतात ते त्यांनी काम करताना पाहिलं होतं.

मग काम असं झालं. सांध्यातला जुना मसाला छन्नीनं काढला. बारा-तेरा मिलिमीटर रुंदीची सरळ खाच केली, ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढली. खाचेत फोमची गोल दोरी दाबून बसवली आणि वर पॉलियुरेथेनचं सीलंट भरलं, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. दोरी का? दोन कारणांसाठी. सीलंट उगाच खोल जात नाही, आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटतं, तळाला नाही. तीन बाजूंना चिकटलेलं सीलंट ताण आला की फाटतं. हे ट्यूबच्या मागे छापलेलं असतं. वाचायचं कुणी, हा प्रश्न.

स्लॅबवर ढाळ नव्यानं दिला, भिंतीकडून बाहेर, शंभरास एक. दहा फुटांना सव्वा इंच. भिंतीकडे जाड आणि बाहेर पातळ, त्यामुळे वजनही भिंतीच्या बाजूला, खांबांवर कमी. पाणी जाण्याचं भोक मोठं केलं, चार इंची पाइप, तोंडाशी जाळी, आणि पाइपचं तोंड भोवतालच्या पातळीपेक्षा थोडं खाली. पाइप खांबालगत जमिनीपर्यंत आणला. मोकळा सोडला असता तर पाणी वाऱ्यानं परत भिंतीवरच आलं असतं.

वाटा मामांनीच केला. दोन इंची, पॉलिमर घातलेल्या मसाल्याचा, बाटलीनं घोटून अगदी गुळगुळीत. भिंतीच्या अंगाला आधी प्लास्टिकची पट्टी लावली, म्हणजे मसाला तिकडे धरणार नाही. त्यावर लवचीक कोटिंगचा एक हात, ओल्यातच फायबरची जाळी दाबून बसवलेली, सांध्यावर किंचित सैल, वर दुसरा हात उलट्या दिशेनं, सुकल्यावर तिसरा. कोटिंग भिंतीवर फूटभर चढवलं. किमान सहा इंच तरी हवंच, कारण स्लॅबवर पडणाऱ्या थेंबांचे शिंतोडे तेवढे वर उडतात.

आणि त्याच्या वरच्या कडेचं काय? ही गोष्ट बहुतेक कामांत राहून जाते. कोटिंगची वरची कड नुसती भिंतीवर संपवली तर काही वर्षांनी ती सुटते आणि भिंतीवरून उतरणारं पाणी कोटिंगच्या मागे जातं. मग सगळी मेहनत उलटी. मामांनी ग्राइंडरनं भिंतीत आडवी खाच मारली, कोटिंगचं टोक तिच्यात आत वळवलं, खाच बुजवली आणि वरून गिलाव्याची अंगठ्याएवढी पट्टी बाहेर काढली. पट्टीला खालून एक झिरी, म्हणजे पाणी तिथेच तुटून टपकतं, मागे सरकत नाही. थंड देशांतल्या लाकडी घरांना याच जागी पत्रा वाकवून बसवतात, वरचं टोक भिंतीच्या फळ्यांच्या मागे आणि खालचं पोर्चच्या वर. साहित्य वेगळं, नियम तोच: वरचं खालच्यावर आलं पाहिजे. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या माहेरी कोकणात पडवीची कौलं मुख्य छपराच्या पागोळ्यांखाली आत शिरलेली असायची, आणि पावसाच्या बाजूला भिंतीला झावळ्यांचे झाप बांधत. "तिथे पाणी भिंतीला लागूच देत नसत. तुम्ही आधी लागू देता नि मग पुसत बसता."

पाणी भरून ठेवायची चाचणी घेतली. पाइपचं तोंड कापडाच्या बोळ्यानं आणि चिकणमातीनं बंद, सगळीकडे निदान इंचभर पाणी, दोन दिवस. आत भिंत कोरडी. मी पेढे आणायला निघाले होते. पण काकांनी शेवटी पॅरापेटच्या माथ्यावर नळी सोडली आणि आत कोपऱ्यात, छोट्या ताटलीएवढा, डाग आला. पॅरापेटची भिंत जिथे घराच्या भिंतीला भिडते तिथे माथ्यावरचं पाणी लांबीनं वाहत येऊन थेट घराच्या भिंतीवर आदळत होतं. कोटिंग पॅरापेटच्या आतल्या अंगाला होतं, माथ्यावर नव्हतं. मग माथ्यालाही आतल्या बाजूला ढाळ दिला, कोटिंग त्याच्यावरून पलीकडे उतरवलं आणि तो उभा सांधाही खाच मारून सीलंटनं भरला. पेढे नंतर आले.

आता खालची ओल.

तिचं कारण पोर्चच्या छपरात नव्हतं, पोर्चच्या जमिनीत होतं. सासऱ्यांच्या काळात दारातून बाहेर पडलं की एक पायरी उतरून शहाबादी फरशी होती. पोर्च झाला तेव्हा तिच्यावर काँक्रीट आलं. पुढे त्यावर पार्किंग टाइल्स. फरशीवर फरशी घालणं सोपं, राडारोडा उचलायला लागत नाही. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर आली आणि पायरी नाहीशी झाली. दारात आता उंबरा तेवढा उरला होता.

जोत्याच्या वर, विटांचं बांधकाम सुरू होण्याआधी, ओल अडवणारा काँक्रीटचा एक थर असतो. इंजिनिअर त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतली ओल विटांतून वर चढायला लागली की ती इथे थांबावी, यासाठी तो. बाहेरची जमीन या थरापेक्षा किमान सहा इंच खाली हवी. आमची पोर्चची फरशी त्याच्या वर दोन इंच गेली होती. म्हणजे थर शाबूत होता, पण पाण्याला त्याच्यातून जायची गरजच उरली नव्हती. ते फरशीखालच्या भरावातून आडवं थेट वरच्या विटांत शिरत होतं. आणि पाणी कुठलं? गाडी धुण्याचं. रोज सकाळी, बारा महिने. शिमग्यातली ओल हीच.

काकांनी सुचवलेला उपाय साधा होता आणि नवऱ्याला तो अजिबात आवडला नाही: भिंतीलगत नऊ इंचांचा पट्टा कापायचा, सगळे थर काढून डीपीसीच्या सहा इंच खाली जायचं आणि पोर्चला भिंतीपासून मोकळं करायचं. "एवढ्या चांगल्या टाइल्स फोडायच्या?" त्याला पुट्टीचा पर्याय चालला असता. शेवटी कटरनं सरळ रेष मारली. चर खणली, तळाला रस्त्याकडे ढाळ दिला, भिंतीच्या उघड्या पडलेल्या भागाला बाहेरून गिलावा आणि कोटिंग केलं, चरीत सच्छिद्र पाइप आणि वर खडी. कडेला सुटी जाळी, पाय अडकू नये म्हणून. उरलेल्या फरशीचा ढाळ गेटकडे होताच. गाडी धुणाऱ्याला बजावलं की नळी नको, बादली आणि फडकं.

खणताना भिंतीच्या विटा दिसल्या. मे अखेर, वर ४० अंशांचं ऊन, आणि वीट हाताला गार, ओलसर. मामांनी नखानं ओरखडा काढला तर भुगा बोटाला चिकटला.

आतल्या बाजूचं प्लास्टर तीन फुटांपर्यंत काढून टाकलं आणि तसंच ठेवलं. यावर घरात अजूनही कुरबुर आहे. पाहुणे येतात, बैठकीत विटा उघड्या. पण नऊ इंची भिंत सुकायला वेळ लागतो. काकांचा ठोकताळा इंचाला एक महिना. त्याआधी वर पुट्टी, ऑइलपेंट किंवा टाइल्स लावल्या तर आतलं पाणी वाट शोधत आणखी वर चढतं, आणि गुडघ्याची ओल कमरेला येते. आमच्या मागच्या गल्लीत एका घरात ओल झाकायला चार फूट टाइल्स लावल्या आहेत. आता ओल टाइल्सच्या वर आहे. विटांवर येणारी पांढरी भुकटी मी कोरड्या ब्रशनं झाडते. पाण्यानं धुवायची नाही, नाहीतर क्षार विरघळून परत आत जातात.

पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. त्याआधी वळवाच्या दोन जोरदार सरी झाल्या, पण वळवावरून काही ठरत नाही. तो पडतो आणि लगेच ऊन येतं. खरी परीक्षा जुलैतल्या झडीची. झड लागली तेव्हा मी वरच्या पट्ट्यावर हात फिरवत राहिले. सांध्याची लांबी कोरडी राहिली. पॅरापेटचा कोपरा कोरडा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हाताएवढा डाग आला, तो पोर्चचा नाही. खिडकीच्या दगडी पाटाला बाहेर ढाळ नाही आणि खालून झिरीही नाही. तेवढ्यासाठी मामा दसऱ्यानंतर येणार आहेत.

खालच्या विटांचा रंग वरून फिकट व्हायला लागला आहे. ओल्या-कोरड्याची रेघ मी पेन्सिलीनं भिंतीवर आखते, शेजारी तारीख टाकते. रेघ खाली सरकते आहे, पण सावकाश, आणि भर श्रावणात काही आठवडे ती जागची हलली नाही. काका म्हणाले, हवेतच एवढी आर्द्रता असताना भिंत सुकणार कशी, थंडी पडू द्या. पेंटरनं दिवाळीच्या आधी काम मिळेल का म्हणून फोन केला. मी त्याला फेब्रुवारीत ये म्हटलं. त्यानं विचारलं, पुट्टी कुठली आणायची. मी म्हटलं, खाली पुट्टी नाहीच. चुन्याचा गिलावा आणि वर साधा डिस्टेंपर. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही, मग तो म्हणाला, चुन्याचा माणूस वेगळा बघावा लागेल.

पोर्चवरच्या पाइपची जाळी दर रविवारी साफ करायची, हे नवऱ्याकडे आहे. गुलमोहर शेजाऱ्यांचा.